मार्सेलिनाचे हंस

८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार.

हॉटेलात दाखल झालो. खोली तिसऱ्या मजल्यावर, हट्टाने मागून घेतली. माझी बायको मार्सेलिना नेहमी कुरकुरते की तिसऱ्या मजल्याच्या जिन्यांनी तिच्या गुडघ्यांची वाट लावली. म्हणजे ती तिसरा मजलाच आवरते. बंदरावर कस्टम्समध्ये जन्म काढलेल्या माणसाला एवढा तर्क जमतो.

ती घर सोडून ऑगस्टाकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, जाऊन बसली आहे. फोन उचलत नाही. दारात गेलो तर ऑगस्टा झाडू घेऊन बाहेर येते आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागते, माझ्याच पायांवरून. पण मार्सेलिना खोल्या आवरते ती याच हॉटेलात. तिथे नवरा नको म्हणता येईल, गिऱ्हाईक नको म्हणता येत नाही. पावसाळ्यात गोरे फिरकत नाहीत, म्हणून बेटावरच्या माणसांना सवलत आहे. संधी साधली. मनगटावर निळा पट्टा बांधून मिळाला. हा दाखवला की खाणंपिणं सगळं आपलंच.

भांडण क्षुल्लक. मी गुलाब मंडळाचा. नुसता सभासद नाही, मंडळाचा पोलीस इन्स्पेक्टर; सणाला आमच्याकडे राजा, राणी, पोलीस अशी सोंगं असतात. सणाच्या मिरवणुकीत टोपी आणि शिट्टी माझीच असते. ती मार्गरीट मंडळाची मुख्य गाणारी. गावात गाण्याची दोन मंडळं म्हटल्यावर एकमेकांवर गाणी रचायची, टोमणे मारायचे, हे आलंच. ऑगस्ट महिन्यात आमच्या सणाला भर मांडवात मी एवढंच म्हणालो की मार्गरीटवाल्यांची तालीम माझ्या व्हरांड्यात सुरू झाली की पन्हाळीखालचे बेडूक लाजून गप्प होतात, आणि मुख्य बेडूक माझ्या शेजारी झोपते. शिवाय तालमीमुळे माझा डॉमिनोचा डाव मोडतो, ते वेगळंच. सगळे हसले. मार्सेलिना हसली नाही.

संकल्प: सतरा तारखेच्या मार्गरीटच्या सणाआधी तिला घरी नेणे. गाणं ती आपणहून सोडेल. माफी मागायची वेळ येणार नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार.

सकाळभर मुद्दाम बाहेर राहिलो. कामावर नवऱ्याशी बोलताना दिसली तर तिची नोकरी जायची. मी समंजस माणूस आहे.

परत येऊन बघतो तर पलंगावर टॉवेलाचे दोन हंस. चोचीला चोच, मानांचा मिळून बदाम झालेला.

डोळ्यांत पाणी आलं. एसी जास्त होता हेही खरं.

इतकी वर्षं संसार केला, पण हिने घरी कधी टॉवेलाची साधी घडीही अशी प्रेमाने घातली नव्हती. दुरावा माणसाला शिकवतो. तिला.

१० ऑक्टोबर, गुरुवार.

उशीजवळ बशीत नारळाच्या वड्या ठेवून गेलो. आलं घातलेल्या, तिला आवडतात तशा. दुपारी वड्या गायब, बशी धुऊन पालथी घातलेली. पलंगावर हत्ती, सोंड वर केलेली.

हत्तीचा अर्थ लावायला थोडा वेळ लागला. हत्ती म्हणजे मोठेपणा. घरात मोठं कोण, हे ती मान्य करते आहे.

पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. कॅनडाच्या जोडप्याच्या पलंगावरही हत्ती. हुशार आहे! एकाच खोलीत ठेवला तर बोभाटा होईल, म्हणून सगळीकडे ठेवते.

मजल्यावर आपल्या गावचा लेनॉक्स भेटला. चादरींची गाडी ढकलत होता, तोंडात काहीतरी चघळत. मार्सेलिनाला गुडघ्यांमुळे गाडी ढकलवत नाही, म्हणून हा ढकलत असणार. भला माणूस, मार्गरीटवाला असला तरी. मला म्हणाला, "मिस्टर थिओ, काही लागलं तर सांगा बरं का." मी डोळा मारला. त्यानेही मारला. कटात तोही आहे तर.

संध्याकाळी किनाऱ्यावर. समुद्रभर तपकिरी शेवाळ आलं आहे, वास नाकात बसतो. पाण्यात उतरलो नाही. मला पोहता येत नाही, पण ते कुणाला कळायचं कारण नाही. पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून उभा होतो, तर एक बाई म्हणाली टॉवेल आणून दे. मी तिला मनगटाचा पट्टा दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. दोन आण." आणून दिले. वाद घालत बसणं आपल्याला शोभत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज मोठा डाव टाकला. हॉटेलच्या बागेतला लाल गुलाब उशीवर ठेवला. मार्गरीटवाली बाई गुलाबाला हात लावत नाही, लग्नातही तिने केसात मार्गरीटचं जांभळं फूल माळलं होतं आणि माझी आई तीन दिवस बोलली नव्हती. उचलला तर समजायचं की गड सर.

गुलाब उचलला! उशी रिकामी!

इतिहासात असं घडलेलं नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत सांगणार. किंवा नको, नवराबायकोतली गोष्ट आहे. फक्त अध्यक्षांना सांगेन.

पलंगावर माकड होतं, हँगरला टांगलेलं. माझाच गॉगल त्याच्या डोळ्यांवर. लाडिक चेष्टा. रुसवा गेल्याचं लक्षण.

१२ ऑक्टोबर, शनिवार.

बोनिफासचा फोन. शेजारी, आणि डॉमिनोतला माझा जोडीदार; मला कोंपे, म्हणजे दोस्त, म्हणतो. म्हणाला, "कोंपे, तुझ्या घरात दिवा दिसतोय रे." मी म्हटलं विसरलो असेन. म्हणाला, "एक नाही, सगळेच. व्हरांड्यातला पण." डॉमिनोला जोडीदार नाही म्हणून हा तडफडतोय, मला परत बोलवायचा बहाणा. मी म्हटलं, जळू दे. तो हसायला लागला आणि हसतच राहिला. फोन ठेवला.

जेवणात आठ तऱ्हेची सॅलडं. हिरव्या केळ्यांची भाजी आणि खारा मासा कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले बुधवारी 'स्थानिक खाद्य रात्र' असते. म्हणजे माझं रोजचं जेवण बुधवारी.

एकट्या माणसाला चौघांचं टेबल देतात. बाकीच्या तीन खुर्च्यांकडे बघत जेवावं लागतं. ते मला आवडत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार.

सेंटची बाटली ठेवली. बंदरावर असताना एका बोटीवरून मिळालेली, जपून ठेवली होती. दुपारी बाटली गायब. पलंगावर खेकडा.

खेकडा तिरका चालतो. म्हणजे ती सरळ नाही येणार, वळणावळणाने येणार. पण येणार.

पुढे गंमत झाली. लिफ्टमध्ये लेनॉक्स होता, आणि अख्खी लिफ्ट त्याच सेंटने घमघमत होती. मार्सेलिनाने लावला असेल आणि याला एकाच गाडीवर काम करून वास लागला असेल. जरा जास्तच लागला होता. त्याच्या खिशाला जांभळं फूल, आणि तो गुणगुणत होता. चाल मार्गरीटची. शब्द ऐकू आले नाहीत, मधे एकदा "थिओ" असं वाटलं.

बोनिफासचा पुन्हा फोन. "कोंपे, तुझ्या स्वयंपाकघरातून बुयाँचा वास येतोय. डुकराचं मांस घातलेलं, दाट." मी म्हटलं, चोर काय आधी रस्सा शिजवतात? म्हणाला, "हा चोर मस्त शिजवतो बाबा. मी दोन वाट्या खाल्ल्या." थट्टेलाही मर्यादा असते.

तरी बुयाँ म्हटल्यावर समोरचं सॅलड बाजूला सारलं. हॉटेलात येईपर्यंत सहा आठवडे मी पत्र्याच्या डब्यातलं, विकतचं खात होतो. कुणाला सांगितलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार.

पाऊस. दिवसभर खोलीच्या बाल्कनीत बसलो.

दुपारी खोलीत आलो तर टॉवेल नुसता घडी घालून ठेवलेला. चौकोनी. हंस नाही, खेकडा नाही, साधं बदकसुद्धा नाही.

मी काय केलं? कालपासूनचं सगळं आठवून बघतोय. टॉवेल उलटा करून पाहिला, झटकला, पुन्हा घडी घातली. मग त्याचा हंस करायचा प्रयत्न केला. मान उभी राहीना. दर वेळी लोळागोळा होऊन पडायची. शेवटी तसाच मांडीवर घेऊन बसलो.

घाबरलो आहे, असं इथे लिहायला हरकत नाही. ती खरंच आली नाही तर? घरी व्हरांड्यात डॉमिनोचं टेबल आहे, चार खुर्च्या आहेत, बोनिफास आहे. पण तो साडेनऊला घरी जातो. मग पन्हाळीखालचे बेडूक. आधी ती ओट्याशी उभी राहून तालमीच्या ओळी म्हणायची आणि मी ओरडायचो, आवाज कमी कर. आता कमीच आहे.

गाणं सोडू नकोस म्हणावं. घरात गायली तरी चालेल. व्हरांड्यात गायली तरी.

हे कुणाला सांगायचं नाही. गुलाब मंडळाला तर नाहीच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

राहवलं नाही. खाली काउंटरवर जाऊन विचारलं, तिसऱ्या मजल्यावरची मार्सेलिना आजारी आहे का. पोरगी म्हणाली, "मिस मार्सेलिना? ती गेल्या मंगळवारपासून रजेवर आहे. सणाआधी घेतेच ना दरवर्षी, तालमीसाठी."

दरवर्षी. मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ऑक्टोबरात तिची दुपारची पाळी लागते म्हणून ती सकाळी घरी असते.

मी विचारलं, मग हंस? ती म्हणाली, "टॉवेलाचे? ते लेनॉक्स करतो, फार सुंदर करतो, हो की नाही? काल त्याची सुट्टी होती, म्हणून तुम्हाला मिळाला नसेल."

जिन्याने वर आलो. खरंच गुडघे दुखतात या जिन्यांनी.

लेनॉक्स माझ्याच खोलीत होता. कासव करत होता. मला बघून म्हणाला, "वड्या फर्मास होत्या, मिस्टर थिओ. आलं थोडं कमी चालेल." गुलाबाचं विचारलं. "तो कचऱ्यात टाकला. आपण मार्गरीटचे ना. राग मानू नका." सेंटचं विचारलं नाही, ते नाकाला कळत होतं. मी म्हटलं, तुला वाटलं नाही का, एक म्हातारा माणूस तुला वड्या कशाला ठेवतो? म्हणाला, "पहिल्या दिवशी वाटलं. मग मी मिस मार्सेलिनाला फोन केला. ती म्हणाली, खा तू, आणि रोज काहीतरी नवीन करून ठेव, त्याला बरं वाटेल."

त्याला बरं वाटेल, असं म्हणाली.

एवढं वाक्य घेऊन दुपारभर बसलो. त्याचा अर्थ लावला नाही. बरेच अर्थ लावून झालेत.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

स्थानिक खाद्य रात्रीची वाट न बघता मिनीबस धरली. बुकिंग उद्यापर्यंतचं होतं. पट्टा मनगटावरून निघेना, तसाच आलो.

वळणावरूनच ढोल ऐकू आला. माझं घर. सगळे दिवे. व्हरांड्यात आणि अंगणात मिळून अख्खं मार्गरीट मंडळ. डॉमिनोच्या टेबलावर जांभळं कापड पसरलेलं, उद्याच्या राणीचा झगा. ऑगस्टा त्याला झालर लावत होती. बोनिफास, माझा जोडीदार, गुलाब मंडळाचा खजिनदार, कोपऱ्यात खुळखुळा वाजवत होता! मला बघून म्हणाला, "काय करू कोंपे, रस्सा यांच्याकडे होता."

आणि माझ्या खुर्चीवर मार्सेलिना. डोळे मिटून गात होती.

"टॉवेलाच्या हंसाला वडी भरवतं कोण?
बायको घरी आली तर हाटेलात झुरतं कोण?"

आणि सगळ्यांनी मिळून, लेनॉक्ससकट: "थिओ गं बाई, थिओ!"

रस्त्यावर माणसं उभी होती. हसत होती. मीही एकदा भर मांडवात माणसं हसवली होती. तेव्हा ती कशी उभी राहिली असेल, ते आज फाटकाशी उभं राहून कळलं.

गाणं थांबलं. ती म्हणाली, "आलास? बुकिंग तर उद्यापर्यंत होतं."

मी म्हटलं, घरी कधी आलीस. ती म्हणाली, "तू गेलास त्याच दुपारी. म्हटलं घर रिकामं आहे, तालीम होईल निवांत. आणि माझं घर आहे, मी कुठे जाणार होते? फक्त तू जायची वाट बघत होते."

मी आठवडाभर जिची वाट बघत होतो, ती आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात होती. मी तिला भेटायला निघालो म्हणून ती घरी आली.

मग मी माफी मागितली. ठरवलं नव्हतं. बेडकाबद्दल, व्हरांड्याबद्दल, मांडवात सगळ्यांसमोर बोललो त्याबद्दल. सगळ्यांसमोरच मागितली. ढोल मधे एकदा चुकून वाजला. ऑगस्टाने झाडू शोधला नाही.

मार्सेलिनाने टेबलावरचा झगा नीट केला. मग म्हणाली, "उद्या सण आहे. घरात राहायचं तर आमच्यात उभं राहावं लागेल. मागच्या रांगेत. टोपी-शिट्टी नाही."

बुयाँ वाढलं. दाट होतं. उभ्यानेच खाल्लं, खुर्च्या भरलेल्या होत्या.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. मार्गरीटचा सण.

चर्चपासून मिरवणूक. मागच्या रांगेत उभा राहिलो, लेनॉक्सच्या शेजारी. त्याच सेंटचा वास. खिशाला जांभळं फूल, मार्सेलिनाने स्वतः टाचलं, टाचणी जरा लागली. रस्त्याच्या कडेला गुलाब मंडळाचे अध्यक्ष उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मात्र पुष्कळ बघितलं.

माझ्या वाट्याला एकच ओळ, कोरसातली. "थिओ गं बाई, थिओ." मनापासून गायलो. आवाज मोकळा लागला होता, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या कडव्याला मार्सेलिना गाता गाता मागे आली आणि कानाशी वाकली.

मला वाटलं, आता म्हणेल, माफ केलं.

म्हणाली, "थिओ, तू नुसते ओठ हलव."

हलवले.