विमानतळाचा भागीदार

३ फेब्रु. ८८, भडगाव
काल आलो. एस.टी. स्टँडवर आबा हार घेऊन उभे. चहावाल्याला म्हणाले, "हाऊ मना पोऱ्या. लंडनना विमानतळना भागीदार शे." मी बॅगा उचलायला वाकलो. तेवढंच सुचलं.

४ फेब्रु.
चूक माझीच. तिकडच्या सरकारने विमानतळाची कंपनी विकायला काढली, कोणीही फॉर्म भरा. आमचा मुकादम हिंमतभाई, त्याने सगळ्यांचे भरले, माझाही. शंभर शेअर आले. आबांना कॅसेटवर बोलून पाठवलं, शेअर म्हणजे भाग, मी भाग घेतला. भाग घेतला तो भागीदार, झालं. त्याच विमानतळाची फरशी मी पुसतो, हे कॅसेटमध्ये नव्हतं. फोटोतसुद्धा बादली येऊ दिली नाही.

५ फेब्रु.
हिं.भाईने भाव चढल्या चढल्या विकले. मला म्हणे, "बेच दे, भाई." नाही विकले. इथे पेढे वाटून झालेले, भागीदार कसा विकणार? उलट ओव्हरटाइमचा पैसा जर्मनीच्या एका मोटार कंपनीच्या शेअरात घातला. ऑक्टोबरात दोन्ही कोसळले.
आज जेवताना म्हटलं, लंडनचा बाजार पडला. मायचा भाकरीचा हात थांबला. "कोन्हाले लागनं का रे?"
कोणाला नाही म्हटलं.

६ फेब्रु.
आबांबरोबर कापडवाल्या शेठकडे. गल्ल्यावरून ओरडले, "या भागीदारसाहेब! माझ्याकडे पण मुंबईच्या मिलचे शेअर आहेत. वॉचमन गेटातून आत सोडत नाही!" आबा खूप हसले. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं.

९ फेब्रु.
धुळ्याला मुलगी बघितली. सुनंदा, डी.एड. झालेली. पोहे देऊन समोर बसली, सरळ विचारलं, "भागीदाराला रोज काय काम असतं?"
"फरशी बघतो."
तिचे वडील, नाना, खूश. "म्हणजे बांधकाम खातं!" आबा म्हणे, "बठ्ठंच देखस तो." सगळंच मी बघतो! मी चहा प्यायलो.
सुनंदा माझ्या हाताकडे बघत होती. फरशीच्या औषधाच्या पाण्याने सालटं निघालेली.
निघताना नाना म्हणाले, पोरगी तुमच्याच विमानतळावर उतरेल, घ्यायला या म्हणजे झालं. लग्न पक्कं. रविवारी भडगावला आमच्याकडे सुपारी फोडायची.

११ फेब्रु.
आबांना सगळं सांगितलं. गोठ्यात, माय नसताना.
"कागदवर तुनं नाव शे ना?"
आहे.
"मंग? आपलं घर पुसाले मालकले लाज कसानी?"
मला बरं वाटलं. दारापर्यंत जाऊन वळले. "पन नानाले सांगू नको."
त्यानंतर दिवसभर भागीदार हा शब्द त्यांच्या तोंडातून नाही. शेजारचे दोघे येऊन गेले तरी.

१२ फेब्रु.
पाचोऱ्याला जातो म्हणून सांगितलं आणि धुळ्याची गाडी धरली. सुनंदा ओटा पुसत होती. नाना बाहेर गेलेले. म्हटलं, फडकं द्या. दिलं. तिथे पुसतो तसा मागे मागे सरकत सगळा ओटा पुसला.
"हे माझं रोजचं काम."
एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. तोंडातून गेलंच, "सध्यापुरतं." तिथेही खोटं!
ती म्हणाली, "हात बघून वाटलंच होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"
मी फडकं पिळून ठेवलं.
"मी नानांना नाही सांगणार. रविवारी तुम्ही सांगा. सुपारी फुटायच्या आधी."
परत येताना एस.टी.त डोळे मिटून बसलो. पाचोऱ्याला काय केलंस, माय विचारेल म्हणून तेच जुळवत होतो. माझ्या डोक्यात दुसरं येतच नाही का—

१४ फेब्रु., रवि.
धुळ्याची जीप आली. नानांनी बरोबरच्या चौघांना माझी ओळख करून दिली, "हेच ते." आबा खाली बघत होते. नजर चुकवायची सवय मी लावली त्यांना, या वयात.
टोपी आणायला म्हणून मधल्या खोलीत आलोय. बाहेर ताट मांडलंय, अडकित्ता नानांच्या हातात.
सुनंदाच्या भावाने गुपचूप एक पुडकं दिलं, ताईने दिलंय म्हणे. आत फडकं. तेच. धुतलेलं, घडी घातलेलं.
टोपी घालू, का हे खांद्यावर टाकून—
आबा हाक मारताहेत. "रमेश" म्हणून. नुसतं रमेश.