उलटी ठेवलेली कांडी

प्रिय दादा,

पत्र बघून चक्रावला असशील. फोन केला असता, पण फोनवर तू गोड बोलतोस आणि मी पाघळते. आजवर तेच होत आलंय.

मला या नादाला लावलंस तूच. शाळेत असताना मी खिशात दगड भरून आणायचे म्हणून तू मला 'ढेकूळ' म्हणायचास. आणि तूच नदीकाठी बसवून सांगितलंस, की भूगर्भशास्त्र म्हणजे दगडांची नावं घोकणं नव्हे. जमिनीत पूर्वी काय घडलं आणि पुढे काय घडू शकतं, ते पुराव्यावरून ओळखणं. थर कुठे झुकलाय ते होकायंत्राने मोज, ताजा तुकडा फोडून भिंगाखाली बघ, चिखल दातांखाली धर. कचकचला तर रेती, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. आई ओरडायची, पोरीला माती काय खायला लावतोस मेल्या! पुढे तू मला तुझ्याच कंपनीत घेतलंस, तेव्हा तर मी हवेतच होते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी, दरीकाठच्या त्या उतारावर घरं बांधण्याआधी भोकं पाडून खडकाच्या कांड्या वर काढल्या, तेव्हा मी धावत तुझ्याकडेच आले. वरखाली कडक खडक आणि मधे ओल्या चिकणमातीचा थर, तोही दरीकडे झुकलेला. पाऊस मुरला की वरचं सगळं घसरणार, हे काय मी तुला सांगायला हवं? तू चिमूटभर दातांखाली धरलीस आणि परत परत चावून बघितलीस. मला वाटलं, विचार करतोयस.

तुझ्या अहवालात मात्र सगळा खडक अखंड! मी गोदामात जाऊन पेटी उघडली, तर मातीच्या जागी दुसऱ्या भोकातली कडक कांडी. आणि दादा, तीही उलटी! वरची बाजू कळावी म्हणून आपण कांडीवर दोन रेघा ओढतो, उजवीकडे लाल, डावीकडे काळी. हिची लाल रेघ डावीकडे होती. तुला विचारलं, तर म्हणालास, मजुरांनी पेट्यांची सरमिसळ केली, बघतो मी. तू म्हणालास ना, मग झालं! मी मुकाट्याने घरी गेले.

काल आईकडे गेले होते. त्याच उतारावरचं घर तिला घ्यायचं होतं, खिडकीतून दरी दिसते म्हणून हरखली होती. ते का रद्द केलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तू शपथ घातलीस, तो डोंगर सरकेल म्हणालास, आणि धाकटीला यातलं अवाक्षर बोलू नकोस असंही बजावलंस. बिचारीला वाटलं, मला काळजी नको म्हणून. मी तिच्यासमोर हसले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. तुला सगळं माहीत होतं. वर त्या अहवालावर माझंही नाव घातलंस! इतकी बावळट समजलास मला?

त्या चिकणमातीचा अर्धा तुकडा, ओल टिकावी म्हणून मेण लावून, मी प्रयोगशाळेत ठेवला होता. तो घेऊन उद्या नगरपालिकेच्या अभियंत्यांकडे जातेय. तुझी नोकरी जाईल, बहुतेक माझीही, आणि आई माझं तोंड बघणार नाही. पण पुढच्या महिन्यात तिथे माणसं राहायला येतायत. तुझ्यासारखं पाठीमागून करायचं नव्हतं, म्हणून हे पत्र आजच तुझ्या दाराखाली सरकवून आधी तुला कळवतेय. आपल्या आईला तू तिथे राहू दिलं नाहीस, दादा. येणारी प्रत्येक बाई कुणाची तरी आईच आहे ना रे?

तुझीच (खोडावंसं वाटलं, हात धजला नाही)
धाकटी