पाठ केलेले पाच शब्द

आई,

परवा दुपारी जेसल पार्कच्या नाक्यावर मला घराचा रस्ता आठवला नाही. एका खांद्यावर नातीचं दप्तर, हातात तिचा हात. समोर केमिस्ट, रिक्षांची रांग, नारळवाला, सगळं ओळखीचं. पण इथून डावीकडे की उजवीकडे, तेवढंच गेलं. नात चार वर्षांची. म्हणाली, "आजी, चल ना, शू लागलीय." मी म्हटलं, "आज तू पुढे हो, बघू तुला घर सापडतं का." ती हसत मला ओढत घेऊन गेली. लिफ्टमध्ये मी तिला म्हटलं, "मम्मीला सांगायचं नाही हं, आपलं सिक्रेट." तिने ओठांवर बोट ठेवलं. तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण हे सांगायला मला दुसरं कुणी सुचलं नाही.

मागच्या वर्षी मी दोनदा दूध गॅसवर ठेवून विसरले. शेजारच्या गुजराती बेनना एकच गोष्ट एका संध्याकाळी तीनदा सांगितली. मुलगा डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पाच शब्द सांगितले, शाल, कंदील, पेरू, नदी, पिवळा, आणि थोड्या वेळाने परत विचारले. मला दोनच आले. शंभरातून सात-सात वजा करताना दुसऱ्याच पायरीला अडकले. राहिलेले तीन शब्द त्यांनीच सांगितले, आणि मग शांतपणे म्हणाले, वयाच्या मानाने विसरणं थोडं जास्त आहे. काहींचं इथेच थांबतं, काहींचं पुढे जातं. चाला, आणि मेंदूलाही व्यायाम द्या. त्या दिवसापासून नातीला शाळेतून आणायचं काम सुनेने माझ्याकडून काढून घेतलं. प्रेमाने, पण काढूनच घेतलं.

आठवड्यातून तीनदा आम्ही दहा-बारा म्हातारी माणसं बागेशेजारच्या हॉलमध्ये जमतो. शिकवणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलाहून लहान. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून चालायचं आणि चालता चालता एक भाजी, एक फळ अशी नावं घ्यायची. टाळी वाजली की उलटं फिरायचं. शेजारच्या बेनही येतात. फळाची पाळी आली की त्या हमखास बटाटा म्हणतात, आणि पकडल्या गेल्या की, "अरे, बटाका तो सब में चलता है!" म्हणून स्वतःच हसतात. मी हसत नाही. मी ओठ आवळून बरोबर उत्तरं शोधते. "आजी, इथे पहिला नंबर नसतो हो," ती मुलगी म्हणते. "तुम्ही चुकलात तरच मला कळतं ना, कुठे मदत करायची ते." मला पटतं. तरी चुकायची भीती जात नाही. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं.

म्हणून मी घोकलं. ते पाच शब्द डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि मेथी निवडताना, केस विंचरताना म्हणत राहिले. शाल, कंदील, पेरू, नदी, पिवळा. नाइंटी थ्री, एटी सिक्स, सेव्हंटी नाइन, अगदी प्रार्थनेसारखं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तोच कागद काढला आणि मी धाडधाड म्हणून दाखवलं. ते खूश झाले, व्यायामाचा उपयोग होतोय म्हणाले. कदाचित होतही असेल. आता मला तरी कसं कळणार? सुनेने पेढे आणले आणि सोमवारी नातीचं दप्तर पुन्हा माझ्या खांद्यावर आलं. एवढीशी पोर, तो रस्ता, आणि भरवसा माझ्या घोकंपट्टीवर.

तुला हे नवीन नाही. मी दुसरीत होते. तू मिठागरावरून येऊन पाय धूत होतीस, टाचांच्या भेगांत पाणी झोंबत होतं, आणि मी दारात उभी राहून एका पाखराची इंग्रजी कविता घडाघडा म्हणत होते. तू विचारलंस, "बाय, त्या पाखराचा शेवटाला काय झाला गो?" मला माहीत नव्हतं. "तोंडान हाय, डोक्यान न्हाय," एवढंच बोललीस आणि चुलीकडे वळलीस. मी त्या रात्री जेवले नाही. आणि मग तुझी शेवटची वर्षं डोळ्यांसमोर येतात. तू आठवणीसाठी पदराला गाठ मारायचीस. आधी एक, मग तीन, मग सगळा पदरच गाठींचा. कुठली कशासाठी, ते तुलाही सांगता येत नाही. मी चिडते, "लुगडं फाटेल, आई, काय हे!" आणि धुवायला टाकताना एकेक सोडवून टाकते. तू पलंगावर बसून माझ्या बोटांकडे बघतेस. तेव्हा मला वाटायचं तू हट्ट करतेस. तू घाबरली होतीस, हे मला परवा नाक्यावर कळलं.

आज सकाळी सून डबे भरत होती तेव्हा तिला सगळं सांगितलं. नाका, डायरीचं पान, सिक्रेट, सगळं. तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. मग म्हणाली, "पण तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत, रिझल्ट आला तेव्हा?"

"तू पेढे आणले होतेस," मी म्हटलं.

ती रडली, पण रागावली नाही. डॉक्टरांना फोन करून वेगळे शब्द घ्यायला सांगते म्हणाली. आतून नात ओरडली, "मम्मी, मी नाही सांगितलं हं, आजीनेच सांगितलं!" दोन दिवस त्या पोरीने माझ्यासाठी तोंड मिटून ठेवलं होतं. मी तिला जवळ घेतलं तर ती घाबरून माझ्याच तोंडाकडे बघायला लागली.

आत्ता साडेबारा वाजलेत. सून अर्धी रजा टाकून नातीला शाळेतून आणायला गेलीय. उद्यापासून व्हॅन येईल. संध्याकाळी बेन हाक मारतील तेव्हा मी क्लासला जाईन, आणि चुकलं तर चुकू देईन. सुनेला वाटतंय, सांगून टाकल्यावर मला हलकं वाटत असेल. नाही वाटत, आई. मघापासून एकच मनात येतंय, की गप्प राहिले असते, तर अजून चार दुपारी ती माझं बोट धरून चालली असती.