पिंपाच्या बुडाचं तेल

१० फेब्रुवारी, सोमवार

परत साबण! टाकीत वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन असे दोन स्वच्छ थर दिसायला हवेत. तिथे नुसतं पांढरट, फेसाळ, फाटलेल्या दह्यासारखं काहीतरी. घनश्यामशेठ येऊन बघून गेले.

आणि तो अमर! हात खिशात घालून उभा. "मॅडम, तुमच्या कागदावर तं डिझेल बनलं होतं ना?" सगळ्या कामगारांसमोर! सगळे हसले. गुजरातेत रिअॅक्टर चालवून आला म्हणे, तेव्हापासून नाकाने कांदे सोलतो. कळंबचा आहे, येता-जाता तिथल्या चिंतामणी गणपतीची शपथ घेतो. मला त्याच्या आवाजाचीसुद्धा चीड येते.

डिसेंबरपर्यंत एक बॅच बिघडली नव्हती. जानेवारीत हा आला. झालं!

१३ फेब्रुवारी

डोकं शांत ठेवून मांडणी केली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रिअॅक्टरच्या टाकीत एकच क्रिया चालू आहे. चालतात तीन, आणि एकाच वेळी. कॉस्टिक सोड्याच्या मदतीने सरकीचं तेल आणि मिथेनॉल मिळून डिझेल — ही हवी असलेली, पण ती सावकाश चालते. तेलातलं आम्ल आणि कॉस्टिक मिळून साबण — ही नको असलेली, आणि ती झटक्यात होते. तिसरी सगळ्यात घातकी. पाणी शिरलं की चांगलं तेल फुटतं, नवं आम्ल तयार होतं, आणि त्याचाही साबण! कॉस्टिक सगळं तिकडेच संपतं. डिझेलच्या वाट्याला काही उरत नाही.

म्हणून तिन्हींची समीकरणं एकत्र सोडवायची असतात. एकीला धरून बाकीच्यांना सोडलं की उत्तर चुकलंच समजा. कॉलेजात सरांनी हे घोकून घेतलं होतं. सोडवली. तेलातलं आम्ल मी रोज तपासते, त्याच्या मानाने साबण अगदी थोडा व्हायला हवा. बाकीचा फक्त पाण्यामुळेच होऊ शकतो.

पाणी. पण कुठून?

१४ फेब्रुवारी

अमरला विचारलं, बॅच झाली की रिअॅक्टर धुतोस, मग वाळवतोस का? "वाळवतो ना." किती वेळ? "वाळेपर्यंत."

असं उत्तर! कानाखाली वाजवावीशी वाटली.

१८ फेब्रुवारी

शेठनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "एकमेकाच्या नावानं बोंबलनं बंद करा. मले कारन पाहिजे. पुढची बॅच अशीच निघाली तं तुमच्या दोघातून एक जन घरी बसन. समजलं का वर्षा?"

समजलं. नीट समजलं! अमर शेठच्या बायकोच्या नात्यातला. मी महागावकडच्या बंजारा तांड्यावरची. कोणाला घरी बसवतील हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या तांड्यातून इंजिनियर झालेली मी पहिली मुलगी, आणि या यवतमाळात पहिल्या महिन्यात मला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. मी बसणार नाही. तो बसेल.

शिवाय आता बाची गाडीसुद्धा माझ्या शब्दावर लागली आहे. महागावच्या मिलमधून तेलाची पिंपं इथे आणायची, रिकामी घरी न्यायची, सकाळी पुन्हा भरून आणायची. जानेवारीपासून बा खूश आहे. मी गेले की त्याचंही काम गेलं.

२१ फेब्रुवारी

इतका राग आलाय!

पिंपांतून नमुने घेत होते. पळीने वरचं तेल काढून तापल्या तव्यावर टाकलं. पाणी असेल तर चटचटतं. चटचटलं नाही. अमर मागे येऊन उभा. "वरचं काहून घेता? बुडाचं घ्या. पानी खाली बसते." मी लक्ष दिलं नाही. तर हळूच म्हणतो, "तांड्यावरून येते ना माल. मले का माहीत, मधात काय मिसळतेत."

अंगाचा तिळपापड झाला! माझा बाप तेलात पाणी घालतो? प्रेमसिंगने आयुष्यभर लोकांचा माल वाहिला, पण पिंपाचं झाकण कधी विनाकारण उघडलं नाही. "माह्या बापाचं नाव घेशीन तं याद राख," मी ओरडले. सगळे काम सोडून बघायला लागले. बघेनात का.

बुडाचा नमुना घेतला नाही. घेणारही नाही. याच्या सांगण्यावरून मी माझ्या बापाची झडती घेऊ?

२५ फेब्रुवारी

बॅच बिघडली. आणि मी जिंकले!

शेठसमोर सगळं मांडलं. साबण इतका आहे म्हणजे पाणी शिरलंच आहे. मिथेनॉल सीलबंद येतं. तेलाचे नमुने कोरडे आहेत. मग उरलं काय? रिअॅक्टर. आणि तो धुऊन वाळवण्याचं काम कोणाचं? शेठनी मान हलवली. अमरचं तोंड एवढंसं झालं होतं. "चिंतामनीची आन, शेठ, म्या वाळोला होता. यायनं बुडाचं तेल तपासलंच नाई!" शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळे नमुने कोरडे होते. होतेच ना!

"अमर, उद्यापासून येऊ नको."

नात्यातला असून! मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन. "मॅडम, तुमच्या बापाबद्दल बोललो ते चुकलंच. हात जोडतो. पन एक डाव बुड पाहा फक्त." माफी! नोकरी गेल्यावर आठवली! चोराच्या उलट्या बोंबा. फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला. आज भाकर गोड लागली.

२६ फेब्रुवारी

त्याचा डबा कपाटात राहिलाय. फेकून द्या म्हटलं.

४ मार्च

काय बॅच निघाली! वर सोन्यासारखं डिझेल, खाली ग्लिसरीन, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. साबण नावालाही नाही. शेठनी समोसे मागवले. "पोरीनं कारन शोधलं बरं का," असं दोनदा म्हणाले. मी तर खुर्चीत मावत नव्हते. रिअॅक्टर आता पिंटू वाळवतो. अमरने एवढंसं काम धड केलं असतं तर ही पाळी आली नसती.

बा या आठवड्यात दिग्रसला लग्नाला गेलाय, म्हणून तेल मिलच्याच गाडीने आलं. शी! काय ती पिंपं! बाहेरून धूळ, आत जुन्या तेलाचा चिकट थर. बाची पिंपं कशी लख्ख असतात. शेठसुद्धा म्हणाले होते एकदा.

१० मार्च

कळलं, अमर बसस्टँडवर दुसऱ्या कोणाचा ऑटो चालवतो. चालव म्हणावं. प्रवासी तरी वाळवावे लागत नाहीत!

१३ मार्च, होळी

तांड्यावर आले. आई, आमची याडी, अंगणात रिकामं पिंप आडवं करून आत गरम पाणी फिरवत होती. सोडा टाकून. भिंतीशी धुतलेली पिंपं ओळीने उपडी.

"याडी, हे काय करून राह्यली?"

"तुह्या कंपनीचे हायेत ना. छोरी तिथं सायबीन, आन तिच्याइथं बरबटलेलं पिंप धाडू का म्या? पयल्या दिवसापासून धुते." किती खुशीत सांगत होती!

मी एक उपडं पिंप सरळ केलं. भोक एका कडेला असतं, उपडं ठेवलं तरी सगळं पाणी बाहेर येत नाही. बुडाशी डुचमळलं.

पिंप होतं तसं परत उपडं ठेवलं. शेठना फोन करून सांगितलं, पाणी आमच्याच पिंपांतून येत होतं. मग अमरचा नंबर ब्लॉकमधून काढला.

लावतेय. उचलत नाही.