काही नव्हतं म्हणाले मी

३ तारीख, सोमवार
लागले एकदाची कामाला! तेही लष्करी विमानतळावर. लेकीने ही वही दिली, म्हणाली, आई, रोज लिही, हात वळेल. वैमानिकांची खोली माझ्याकडे आहे. आठ खुर्च्या, रेडिओ, एक पांढरा फळा. उतरलेल्याने वर काय दिसलं ते फळ्यावर लिहायचं, पुढच्याने वाचून उडायचं. मोठ्या साहेबांनी बजावलंय, खाली त्यांची सही असल्याशिवाय फडकं लावायचं नाही. सगळे शिकाऊच आहेत. त्यातला धाकटा मला मावशी म्हणाला आणि ओल्या फरशीवरून बूट घालून गेला. असा झापला त्याला! हसत हसत पाय पुसून आला.

६ तारीख, गुरुवार
त्यांच्यातला उंच पोरगा, सगळे लंबू म्हणतात, आज उतरला तो नाकातून रक्त गाळत. फळ्यावर काळाकुट्ट गोल काढला, खाली दोन ओळी खरडल्या, तेवढ्यात त्याला उचलून दवाखान्यात नेलं. सही नव्हती. पण मला घरी जायची घाई. म्हटलं, चित्रं कसली काढतात मेले, आणि पुसून टाकलं. धाकटा आला, कोरा फळा बघून विचारलं, मावशी, काही लिहिलं होतं का. मी म्हटलं, काही नव्हतं. तो गेला उडायला.

७ तारीख
धाकटा परत आला नाही.

८ तारीख
लंबू औषधाच्या गुंगीतून आज जागा झाला. शपथा घेतोय की लिहिलं होतं, टेकडीवर काळा गोल आहे, हलत नाही, जवळ जाऊ नका. साहेबांनी मला विचारलं. मी मान हलवली. नाही म्हणून. आता सगळे त्याला खोटारडा म्हणतात.

१० तारीख
फडकी वाळत घालताना वर बघितलं. टेकडीवर तो गोल. भर दुपारी. ढग सरकतात, तो नाही. पाखरू नाही एक —

११ तारीख
लंबू स्वतःच निघाला, खरं करून दाखवायला. सांगायचंच म्हणून धावले. विमानाची काच बंद झाली होती. दोन्ही हात हलवले, थांब, थांब. त्याला वाटलं निरोप देते. त्यानेही हात हलवला.

दुपार
विमान दिसेनासं झालं. सगळे बाहेर पळाले. खोलीत मी एकटी. रेडिओ बोलतोय — लंबू नाही — धाकट्याचा आवाज. रागसुद्धा नाही त्यात. मावशी म्हणतोय. विचारतोय, फळ्यावर काय होतं, आता तरी —