इंदापूरच्या मंचावर मी जे बोलले नाही

मी, संजीवनी रामहरी शिंगाडे, वय ७२, भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार जळोची, ता. बारामती, जि. पुणे, कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. मन मात्र स्वस्थ नाही. ते का, हे सांगितल्यावाचून पुढची वाटणी कोणाला कळायची नाही.

भाऊ-भावजय गेल्यावर भाचा दिग्विजय याला मी वाढवलं. लोणी देवकरला त्याचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षी तो म्हणाला, "आत्या, इंदापुरात शेतकऱ्यांना क्वांटम कॉम्प्युटर समजावून सांग ना." मी हरखले. मंचावरून सांगितलं, की कणाची जी राशी मोजता येते तिला ऑब्झर्वेबल म्हणतात. कणाचा स्पिन, म्हणजे त्याची अंगभूत फिरकी, उभ्या दिशेने मोजला, की आडव्या दिशेचं पक्कं उत्तर पुसलं जातं. क्वांटम कॉम्प्युटरचं सगळं गणितही शेवटी कोणती राशी मोजायची यावर येऊन ठेपतं. भलतीच मोजली तर केलेलं गणित वाया.

टाळ्या थांबायच्या आत दिग्विजयने पडदा ओढला. मागे एक निळा डबा. "आत्यांनी सांगितलं तेच तत्त्व! बागेत ठेवा, डाळिंबावर तेल्या रोग फिरकणार नाही." त्या डब्यात मोजण्याजोगं काहीही नाही, हे मला तत्क्षणी कळलं. पण गळ्यात हार होता, समोर पोराचं हसू होतं. मी हात जोडून बसले.

मोरगावच्या फुलाबाई करे यांनी फवारणी सोडून डबा ठेवला. बाग गेली. त्या दारात आल्या तेव्हा वाटलं, भांडतील. म्हणाल्या, "बाई, आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी तितं बसला व्हता, म्हंजी खरं आसंल म्हनलं." पाणी पिऊन गेल्या. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवडी बाजारात दिग्विजय तेच डबे विकत होता; त्यातला एक मी लोकांसमोर फोडला. आत वाळू आणि तारेचं भेंडोळं. दिग्विजय ओरडला, "आत्या, तू मला चव्हाट्यावर आणलंस!" मी म्हटलं, "तुला नाही रे, मला." तेव्हापासून तो घरी आलेला नाही.

१. जळोचीचं घर दिग्विजयची पत्नी रेश्मा हिला. त्याच्या नावावर केलं तर तो ते गहाण टाकेल.

२. विहिरीखालची जमीन फुलाबाईंना. याला कोणी दान म्हटलं तर माझ्या वतीने त्याच्याशी भांडावं.

३. प्रयोगाच्या पोलरॉइड काचा माझी विद्यार्थिनी प्राची हिला. दोन काचा एकमेकींशी काटकोनात धरल्या की अंधार होतो. मधे तिसरी तिरकी घातली की उजेड येतो. हे तिने बाजारात लोकांच्या हातात देऊन दाखवावं. "यानं पिकाला काय हुतंय?" असं कोणी विचारलं, तर "काही नाही" असं मोठ्याने सांगावं.

४. महाविद्यालयाने माझी शोकसभा घेऊ नये. माझ्या वक्तृत्वाची स्तुती मला सोसणार नाही.

५. अग्नी दिग्विजयनेच द्यावा. मात्र आधी त्याने फुलाबाईंच्या बांधावर जावं, त्यांच्याशी बोलावं, मग माझ्याकडे यावं. उशीर झाला तर होऊ द्या. मला कुठं जायचंय?

वरील मजकूर माझ्या हातचा आहे, खाडाखोडही माझीच. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

संजीवनी रामहरी शिंगाडे
(सही)

साक्षीदार: १. अनिता भोंगळे (सही)
२. यशराज देवकाते (सही)

जळोची, दि. १४ फेब्रुवारी २०२५