घोड्याच्या जागी उभी राहून

प्रिय टाचणी,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र तुलाच आहे आणि आजी ठणठणीत आहे. माझी पत्रं लिहून देणाऱ्या शेजारच्या मास्तरीणबाई बहिणीकडे गेल्यात, म्हणून या खेपेला तुझ्या बापाला धरून बसवलाय. गॅरेजचे काळे हात दोनदा साबणाने धुऊन आलाय, आणि तोंड असं केलंय की जणू याचा दात उपटायचाय. तुम्ही बापलेक दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगेन ते लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, अशी शपथ घातलीय. आईला वाचता येत नाही म्हणून चलाखी केलीस तर याद राख, हेही त्यालाच लिहायला लावलंय.

तुझं पत्र पोचलं. माझ्यासाठी लिहायला हा कधी बसत नाही, पण आलेलं पत्र वाचून दाखवतो हाच, जेवायला बसल्यावर, दुसऱ्याच्या घरची बातमी असल्यासारखं. तू विचारलंस, घोडे ने-आण करायला गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेऊ की छोटा ट्रक, सोमवारपर्यंत सांग, मालक थांबायला तयार नाही. अगं, उभ्या जन्मात मी हातगाडीशिवाय काही चालवलं नाही. आणि तू मला ब्रेक कुठले, चाकांचे आस किती, वजन किती ओढवेल, हे चार पानं भरून लिहितेस? मला अक्षरं कळत नाहीत, माणसं कळतात. पत्र वाचणार कोण, हे धरूनच लिहिलंस तू. नात कुणाची!

तर यानं ते एकदा माझ्यासाठी वाचलं आणि एकदा स्वतःसाठी. ताटातलं गार झालं. मग भिंतीकडे बघत म्हणाला, ट्रेलरच बरा. त्याला इंजिनच नाही, तर बिघडणार काय? पुढची गाडी बंद पडली तर दुसरीला जोडायचा, घोडा घरी पोचतो. ट्रक बंद पडला की घोडा आणि बाई दोघंही रस्त्यावर. म्हटलं, अक्कल आहे तुला. पण घोड्याला कुणी विचारलं का?

गॅरेजात एक ट्रेलर तळाची फळी बदलायला आला होता. नवी फळी बसली तशी मी आत चढले, आडवा दांडा घट्ट धरला आणि म्हटलं, ओढ. हा म्हणाला, आई, लोक काय म्हणतील! म्हटलं, तुझ्या बापानं जन्मभर घोड्यांना नाल ठोकले, तेव्हा लोक काय डोळे मिटून बसले होते? मग आवारात तीन चकरा मारल्या, बैलाच्या चालीनं. वळणावर ट्रेलरचं शेपूट भलतीकडेच जातं. ब्रेक लागला की आधी गाडी थांबते, मग ट्रेलर, मग म्हातारी. पण तेही चाललं असतं. मी आतून दहा हाका मारल्या आणि पुढे याला एकही ऐकू गेली नाही, ते काही बरं वाटलं नाही. मग पाववाल्याचा छोटा ट्रक उभा होता, त्यात मागे उभी राहिले. चालकाच्या पाठीमागे वीतभर खिडकी आहे त्याला. हलला, डुलला, दाणकन आपटलासुद्धा. पण पुढून यानं विचारलं, आई, बरी आहेस ना? आणि मी घट्ट धरलेली कड सोडून दिली.

आता त्या काळ्या घोडीचं. ती गोष्ट इथवर आलीय. पाच बाप्ये दोर ओढतायत आणि घोडी जागची हलत नाही. तू त्यांना चहा प्यायला पिटाळलंस आणि स्वतः गाडीत चढायच्या फळीवर घोडीकडे पाठ करून बसलीस. तासाभरानं घोडीनं तुझ्या खांद्यावर नाक टेकलं आणि तुझ्या मागोमाग आपल्या पायांनी आत गेली. मला कुणी सांगितलं? यानंच! घोड्यांची हमाली करायला तुला शिकवलं का, असं ओरडून ज्यानं तुला घालवलं, तोच आता येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, ‘एक मुलगी आहे’ एवढंच. परवा गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं, कुणाची हो ती? तर हा गाडीखाली शिरला आणि तिथून म्हणाला, आमचीच.

इथे पेन थांबलंय. लिही रे. शपथ आहे.

तर माझं मत, ट्रक घे. बिघडेल तेव्हा बिघडेल, दुरुस्त करणारी माणसं आहेत जगात. ओळखीचा आवाज कानावर पडत असला की वाट सरते. फक्त तळ बघून घे. घोड्यांच्या मुतानं फळी खालून कुजते आणि वरून नवरीसारखी दिसते. तुला घोड्याचे दात बघता येतात, ट्रकचं पोट नाही. ते कुणाला बघता येतं, मी सांगायला नको.

आता खरं सांगते. मास्तरीणबाई कुठेही गेलेल्या नाहीत. दोन दिवस दार लावून घरात बसा, असं मीच त्यांना सांगितलंय. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणे, पण तुला हे कावळ्याचे पाय हवे होते, हे मला पहिल्या पानालाच कळलं. आणि तुम्हा दोघांच्या मधला हुक होऊन मी किती वर्षं राहू? लोखंडही झिजतं, बाई. पेन पुन्हा थांबलंय. थांबू दे. मी अंगठ्याला शाई लावते. खाली जागा उरलीय, तिचं काय करायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवावं.

तुझीच, अजून न झिजलेली,
आजी (अंगठा)

शपथेप्रमाणे सगळं लिहिलं आहे, काही गाळलेलं नाही. मास्तरीणबाई काल सकाळीच मला गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसल्या होत्या. रविवारी येतो, पाने-पकड आणि बॅटरी घेऊन. मी ट्रकखाली शिरून तळ बघेपर्यंत हो म्हणू नकोस.
— बाबा